साहेब, एनओसी मिळेल का?

अप्रेझलचा सीझन आला की प्रत्येक ऑफिसात एक तरी जण पेपर टाकतोच. ३० टक्के हाइक, नवं डेझिग्नेशन, नशीब जोरावर असेल तर थेट सिंगापूर. आपण काय करतो? केक कापतो, ‘पार्टी कधी देतोयस’ म्हणून त्याला पिडतो आणि तो लिफ्टमध्ये शिरला रे शिरला की त्याचं काम आता कुणाच्या गळ्यात पडणार याचं टेन्शन घेतो. गद्दार कुणी म्हणत नाही. बॉसही म्हणत नाही. (मनात म्हणत असेल, पण ते मनात.)

आता हाच फंडा क्रिकेटच्या मैदानात नेऊन बघा. १० जून २०२५ ला वेस्ट इंडिजच्या निकोलस पूरननं आंतरराष्ट्रीय क्रिकेटला रामराम ठोकला. वय फक्त २९. टी-ट्वेंटीत वेस्ट इंडिजकडून सगळ्यात जास्त मॅचेस (१०६) आणि सगळ्यात जास्त रन्स (२,२७५) तेव्हा त्याच्याच नावावर होते. म्हणजे फॉर्म गेला, गुडघा गेला, असलं काही नाही. पुढच्याच महिन्यात हा पठ्ठ्या अमेरिकेत एमआय न्यूयॉर्कचा कॅप्टन म्हणून मेजर लीग क्रिकेटची ट्रॉफी उचलत होता. आणि आपल्याकडे, म्हणजे ज्यांचा त्रिनिदादशी काडीचा संबंध नाही अशा मंडळींत, निकाल लागूनही गेला होता. पैशासाठी देश सोडला म्हणे!

मला या वाक्यातला ‘देश’ हा शब्दच आधी तपासून बघावासा वाटतो. कारण वेस्ट इंडिज नावाचा देश जगाच्या नकाशावर नाहीच. त्रिनिदाद, जमैका, बार्बाडोस, गयाना... सगळ्यांचे झेंडे वेगळे, सरकारं वेगळी. ऑलिम्पिकला उसेन बोल्ट धावला तो जमैकासाठी, वेस्ट इंडिजसाठी नाही. या सगळ्यांना एका टोपीखाली आणतं ते फक्त क्रिकेट बोर्ड. म्हणजे पूरननं सोडला तो देश नाही, एम्प्लॉयर सोडला.

आणि हा एम्प्लॉयर कसा आहे, हे आपण आपल्या घरात बसून पाहिलंय. ऑक्टोबर २०१४ मध्ये वेस्ट इंडिजची टीम भारताच्या दौऱ्यावर होती. मानधनाच्या नव्या करारावरून खेळाडू, त्यांची स्वतःची संघटना आणि बोर्ड असा तिहेरी राडा झाला आणि धरमशालेची वन-डे खेळून अख्खी टीम दौरा अर्धवट टाकून घरी निघून गेली. कॅप्टन होता ड्वेन ब्रावो. पुढच्या वर्ल्ड कपच्या टीममध्ये ना ब्रावो होता ना पोलार्ड. दीड वर्षानं, एप्रिल २०१६ मध्ये, याच लोकांनी ईडन गार्डन्सवर वर्ल्ड टी-ट्वेंटी जिंकला. कार्लोस ब्रेथवेटचे ते चार सिक्सर आठवत असतीलच. पण त्यानंतर डॅरेन सॅमीनं माइक हातात घेऊन जे सांगितलं ते जास्त लक्षात ठेवण्यासारखं होतं. बोर्डानं आमचा मान राखला नाही, आणि टीमच्या मॅनेजरला आमचे युनिफॉर्मसुद्धा कोलकात्यात जमवावे लागले, असं वर्ल्ड चॅम्पियन टीमचा कॅप्टन जगासमोर सांगत होता. विचार करा, कंपनी वर्षातलं सगळ्यात मोठं प्रेझेंटेशन द्यायला तुम्हाला पाठवतेय आणि लॅपटॉप तुम्ही शेजारच्याकडून मागून आणताय!

त्या स्पर्धेतली सेमीफायनल तर आपल्या वानखेडेवरच झाली होती, ३१ मार्च २०१६ ला. विराटनं नाबाद ८९ मारले, आपले १९२ झाले, आपण फायनलची तिकिटं शोधायला लागलो. आणि मग आला लेंडल सिमन्स. आंद्रे फ्लेचर जखमी झाला म्हणून ऐन वेळी विमानात बसवून आणलेला माणूस. दोनदा कॅच आउट झाला, दोन्ही वेळा नो-बॉल. नाबाद ८२ ठोकून मॅच घेऊन गेला. आता सिमन्सला वानखेडेचं पिच, तिथलं रात्रीचं दव, तिथली आपली आरडाओरड या सगळ्याची सवय कुठून झाली? मुंबई इंडियन्सकडून खेळून! आयपीएलनं शिकवलं आणि तो शिकला ते वेस्ट इंडिजच्या कामी आलं, तेही आपल्याचविरुद्ध. त्या रात्री कुणी सिमन्सला पैशासाठी खेळणारा म्हटल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. शिव्या खाल्ल्या त्या नो-बॉल टाकणाऱ्यांनी.

अर्थात याची दुसरी बाजू आहे आणि ती दुखरी आहे. १९७५ आणि १९७९ चा वर्ल्ड कप जिंकणारी ही टीम २०२३ च्या वर्ल्ड कपसाठी क्वालिफायसुद्धा झाली नाही. हरारेमध्ये स्कॉटलंडनं त्यांना घरी पाठवलं. एकेक चांगला माणूस लीगच्या वाटेला लागला की काय उरतं, याचं चित्र हे असं दिसतं. त्यामुळे ‘ज्याची त्याची मर्जी, आपल्याला काय’ म्हणून मला हा विषय सोडून देता येत नाही. पूरनचा निर्णय त्याच्यापुरता शंभर टक्के बरोबर आहे, असं मला वाटतं. पण असे दहा बरोबर निर्णय एकत्र आले की टीम संपते. मग चूक शोधायची ती खेळाडूच्या देशप्रेमात शोधायची की आणखी कुठे?

न्यूझीलंडकडे बघू. ऑगस्ट २०२२ मध्ये ट्रेंट बोल्टनं बोर्डाला सांगितलं, मला तुमचं सेंट्रल काँट्रॅक्ट नको. घरी तीन लहान मुलं आहेत, त्यांना वेळ द्यायचाय आणि उरलेल्या वेळात लीग्ज खेळायच्यात. बोर्डानं काय करावं? थयथयाट? छे. बोर्ड म्हणालं, ठीक आहे, जा. पण टीम निवडताना काँट्रॅक्टवाल्यांना आधी प्राधान्य मिळेल, हे लक्षात ठेव. झालं. ना निरोपाचं रडगाणं, ना बंदी. आणि २०२३ च्या वर्ल्ड कपला हाच बोल्ट न्यूझीलंडच्या काळ्या जर्सीत नव्या बॉलनं धावत येत होता. वानखेडेच्या सेमीफायनलमध्ये आपण त्याला चांगला चोपला, तो भाग वेगळा.

थोडक्यात काय, तर बोल्ट फ्रीलान्सर झाला. या जमातीबद्दल मी अधिकारवाणीनं बोलू शकते. पीएफ नाही, मेडिक्लेम नाही, एका लेखाचे पैसे पुढचे तीन लेख छापून आल्यावर येतात. पण सोमवारी सकाळी कुणाला ‘मे आय टेक अ हाफ डे’ विचारावं लागत नाही. आणि फ्रीलान्सर काम वाईट करतो असंही नाही. उलट प्रत्येक काम शेवटचं असू शकतं, या भीतीनं जरा जास्तच मन लावून करतो.

न्यूझीलंड बोर्डानं पुढे या प्रकाराला नावच दिलं, कॅज्युअल काँट्रॅक्ट. ऑगस्ट २०२४ मध्ये डेव्हन कॉन्वेनं सेंट्रल काँट्रॅक्ट नाकारलं, कारण जानेवारीत त्याला दक्षिण आफ्रिकेत जोबर्ग सुपर किंग्जकडून खेळायचं होतं. गंमत बघा, हा माणूस मुळात जन्मला जोहान्सबर्गमध्ये. म्हणजे त्याच्यासाठी परदेश कुठला आणि मायदेश कुठला, हेच आधी कोडं. असो. दोन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, तो आपल्या पुण्यात होता. गहुंजेच्या टेस्टमध्ये पहिल्या इनिंगमध्ये त्यानं ७६ काढले. बंगळुरूत ९१ आधीच झाले होते. ती सिरीज आपण ०-३ अशी हरलो. घरच्या मैदानावर १२ वर्षांत पहिल्यांदा टेस्ट सिरीज गमावली, आणि शेवटचा घाव वानखेडेवर बसला. ज्यांना कुणाला वाटतं की काँट्रॅक्टवर सही नसली की माणूस जीव तोडून खेळत नाही, त्यांनी गहुंजेचं स्कोअरकार्ड जरूर बघावं. मी तर म्हणते, प्रिंट काढून एचआरच्या केबिनबाहेर लावावं.

मग गडबड होते कुठे? कॅलेंडरमध्ये, बॉस! खेळाडू लीगला गेला म्हणून टीम मोडत नाही, लीग आणि देशाची मॅच एकाच तारखेला आली की मोडते. याचं सगळ्यात भारी उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. त्यांच्या बोर्डानं एसए-२० नावाची लीग काढली आणि काँट्रॅक्टवाले खेळाडू त्या काळात लीगलाच मिळतील असा शब्द देऊन बसले. २०२४ ची लीग १० फेब्रुवारीला संपणार होती आणि न्यूझीलंडमधली पहिली टेस्ट सुरू होत होती ४ फेब्रुवारीला. मग काय, रबाडा, मार्करम वगैरे मंडळी घरी लीग खेळली आणि टेस्टला गेली दुसरी फळी. एकही टेस्ट न खेळलेला नील ब्रँड थेट कॅप्टन! पहिल्या टेस्टमध्ये सहा जणांचं पदार्पण. व्हायचं तेच झालं. २८१ रन्सनी हरले, मग दुसरीही हरले. न्यूझीलंडनं दक्षिण आफ्रिकेविरुद्धची टेस्ट सिरीज इतिहासात पहिल्यांदा जिंकली, तीही अशी. जिंकल्यावर केक कापायलाही लाज वाटली असेल.

इथे लक्षात घ्या, रबाडानं देशाला नाही म्हटलं नव्हतं. मार्करमनंही नाही. त्यांच्या बोर्डानंच त्यांना सांगितलं, तुम्ही इथेच थांबा. का? तर बोर्डाला ती लीग जगवायची होती, कारण लीग नसती तर पैसा नसता आणि पैसा नसता तर टेस्टची टीमच कशी ठेवायची, हा प्रश्न होता. वाईट वाटतं, पण हिशेब खोटा नाही.

आणि या गोष्टीचा शेवट तर फिल्मीच आहे. जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून वर्ल्ड टेस्ट चॅम्पियन कोण झालं? दक्षिण आफ्रिका. १९९८ नंतरची त्यांची पहिली आयसीसी ट्रॉफी. मार्करमनं १३६ ठोकले, रबाडानं मॅचमध्ये नऊ विकेट्स काढल्या. पण विजयी रन निघाला तेव्हा क्रीजवर उभ्या असलेल्या दोघांपैकी एक होता डेव्हिड बेडिंगहॅम. तोच बेडिंगहॅम, जो त्या दुसऱ्या फळीबरोबर न्यूझीलंडला गेला होता आणि हॅमिल्टनमध्ये हरत्या मॅचमध्ये ११० काढून आला होता. मला स्वतःला त्या ट्रॉफीत सगळ्यात मोठा वाटा त्याचा वाटतो. बाकीचे म्हणतील मार्करमचा. म्हणोत.

फुटबॉलवाल्यांना आपला हा सगळा वाद ऐकून हसू येईल. लिओनेल मेस्सी १३ व्या वर्षी बार्सिलोनाला गेला आणि तिथेच वाढला. म्हणून कुणी त्याला अर्जेंटिनाची जर्सी नाकारली का? २०२२ चा वर्ल्ड कप त्यानंच आणला ना? कारण तिथे सिस्टीम क्लिअर आहे. फिफानं वर्षातल्या ठरावीक तारखा देशांसाठी राखून ठेवल्यात. त्या तारखांना क्लबनं खेळाडू सोडायचाच. वर्ल्ड कपला तर खेळाडू सोडल्याबद्दल फिफा क्लबला दिवसावर पैसे मोजते. त्यामुळे क्लब की देश, हा पेच खेळाडूच्या डोक्यावर टाकला जात नाही. क्रिकेटमध्ये असा कायदा नाही. तिथे एक कागद असतो, एनओसी. नो ऑब्जेक्शन सर्टिफिकेट. घर भाड्यानं देताना सोसायटीचा सेक्रेटरी जसा एनओसीवर बसून राहतो, अगदी तसंच. बोर्डाची मर्जी असेल तर मिळतो. डिसेंबर २०२३ मध्ये अफगाणिस्तानच्या मुजीब, नवीन आणि फारुकी या तिघांनी सेंट्रल काँट्रॅक्टमधून मोकळं करा म्हटलं, तर बोर्डानं दोन वर्षं एनओसी देणार नाही असं जाहीर करून टाकलं. पुढच्याच महिन्यात निर्णय सैल करावा लागला, कारण ही पोरं नसतील तर टीम कुणाच्या जिवावर उभी करणार?

आता जरा आपल्या घरात येऊ. आपला बीसीसीआय पुरुष खेळाडूंना परदेशी टी-ट्वेंटी लीगमध्ये खेळूच देत नाही. सगळं भारतीय क्रिकेट सोडा, आयपीएलसुद्धा, मग जा हवं तिथे. दिनेश कार्तिक २०२५ मध्ये एसए-२० खेळला तो असाच, रिटायर होऊन. स्टार मंडळींना याचा काही त्रास नाही. आयपीएलच्या दोन महिन्यांत मिळतं ते बाहेर वर्षभर फिरून मिळणार नाही.

त्रास होतो तो प्रवीण तांबेला. आपला मुंबईकर, ऑफिस क्रिकेट खेळण्यात हयात गेलेली. वयाच्या ४१ व्या वर्षी, २०१३ मध्ये, राजस्थान रॉयल्सनं त्याला आयपीएलमध्ये उतरवलं. रणजी पदार्पण त्यानंतर झालं, म्हणजे सगळा उलटा कारभार! २०१९ च्या डिसेंबरमध्ये, ४८ व्या वर्षी, केकेआरनं त्याला २० लाखांना घेतलं. आणि मग समजलं की साहेब परदेशात टी-टेन लीग खेळून आलेत. झालं, आयपीएलसाठी अपात्र. तांबे गप्प बसला नाही. २०२० ला वेस्ट इंडिजमध्ये जाऊन सीपीएल खेळला, तिथे खेळलेला पहिला भारतीय ठरला. त्याच्यावर सिनेमाही आला, श्रेयस तळपदेनं काम केलेला. मला एवढंच विचारायचंय की ज्याला देशानं कधी बोलावलंच नाही, त्याला बाहेर जाऊ न देऊन देशाचं नेमकं काय राखलं?

आणि हाच बोर्ड मुलींना जाऊ देतो! २०१६ मध्ये हरमनप्रीत कौर सिडनी थंडरकडे गेली आणि आपली सांगलीची स्मृती मानधना ब्रिस्बेन हीटकडे. ऑस्ट्रेलियाच्या बिग बॅशमधल्या पहिल्या दोन भारतीय. पुढच्याच वर्षी वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये ऑस्ट्रेलियाचीच धुलाई करत हरमननं नाबाद १७१ काढले. वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज २०१९ मध्ये यॉर्कशायरकडून खेळली, मग लीड्स, मग मेलबर्न. तेव्हा आपल्याकडे डब्ल्यूपीएल नव्हतीच, ती २०२३ ला आली. या मुली जिच्याविरुद्ध हरायचो त्याच टीमच्या पोरींबरोबर एका ड्रेसिंग रूममध्ये बसल्या, त्यांची तयारी पाहिली, त्यांनाही नेट्समध्ये बीट होताना पाहिलं. ३० ऑक्टोबर २०२५, डी. वाय. पाटील स्टेडियम. समोर सात वेळची चॅम्पियन ऑस्ट्रेलिया, टार्गेट ३३९. जेमिमा नाबाद १२७, हरमन ८९, आणि नऊ बॉल बाकी असताना मॅच खिशात. तीन दिवसांनी त्याच मैदानावर वर्ल्ड कप! हे सगळं परदेशी लीगमुळेच झालं असं मी म्हणत नाही. घाम त्यांचा, प्रॅक्टिस त्यांची. पण ऑस्ट्रेलियाच्या नावाला न घाबरण्याची सवय घरबसल्या लागत नाही, एवढं नक्की.

तर मुलींना पाठवलं आणि देशाचा फायदा झाला. मुलांना अडवून फायदा कुणाचा होतो? याचं उत्तर आयपीएलच्या मालकांना विचारा. भारतीय खेळाडू दुसरीकडे दिसत नाही म्हणून तर आयपीएलचं तिकीट एवढं महाग विकलं जातं. आणि हे मालक स्वतः मात्र घरात बसलेले नाहीत बरं का. दक्षिण आफ्रिकेच्या त्या एसए-२० लीगमधल्या सहाच्या सहा टीम्स आयपीएलवाल्यांच्या आहेत. मुंबई इंडियन्सच्या घरातच बघा ना, केपटाऊन, अबू धाबी, न्यूयॉर्क, आणि २०२५ मध्ये लंडनच्या ओव्हलच्या टीममध्येही हिस्सा. बोल्ट मुंबईकडून खेळला, न्यूयॉर्ककडून, केपटाऊनकडून, एमिरेट्सकडूनसुद्धा. हा काही चार लीग्ज खेळला नाही, एकाच कंपनीच्या चार ब्रँचेसमध्ये बदली घेतली त्यानं! म्हणजे पूरनला ‘देश सोडला’ म्हणून नावं ठेवणारे आपण, आणि तो सोडून गेला ती कंपनीही आपलीच. दुसऱ्याच्या घरचा स्वयंपाकी जास्त पगारावर आपल्याकडे आणायचा आणि वर त्याच्या इमानदारीवर लेक्चर द्यायचं, ही हाइट झाली.

मिचेल स्टार्कचं उदाहरण कुणीतरी देणारच, म्हणून आधीच सांगते. तो २०१५ नंतर थेट २०२४ ला आयपीएल खेळला. मधली बहुतेक वर्षं ऑस्ट्रेलियासाठी शरीर जपायचं म्हणून त्यानं इतके पैसे सोडले. मानलं त्याला. पण स्टार्कला हे परवडतं, कारण ऑस्ट्रेलियाचं बोर्ड त्याला सेंट्रल काँट्रॅक्टमध्ये घसघशीत देतं. गयानाच्या पोरानं हाच त्याग करून दाखवावा अशी अपेक्षा आपण अंधेरीच्या एसी ऑफिसात बसून करायची नाही.

माझं म्हणाल तर लीग खेळणाऱ्यानं देशाकडून जरूर खेळावं, आणि बोर्डानं त्याला मोकळ्या मनानं घ्यावं. एका अटीवर, की कोणत्या सिरीजला येणार आणि कोणत्या नाही हे त्यानं सहा महिने आधी सांगायचं. आदल्या दिवशी ‘वर्क फ्रॉम होम’चा मेल नको. आयसीसीनं फुटबॉलसारख्या तारखा राखून ठेवल्या तर निम्मी भांडणं तिथेच मिटतील. ते कधी होईल ते होवो, त्यात मोठ्या बोर्डांचे हात अडकलेत आणि सगळ्यात मोठा हात आपला आहे. पण एक गोष्ट बीसीसीआयला कुणालाही न विचारता उद्या सकाळी करता येईल. रणजी खेळून पस्तिशीला टेकलेला एखादा स्पिनर असतो. ४० पेक्षा जास्त मॅचेस झाल्यात म्हणून २०२१ च्या दरानं दिवसाला ६० हजार मिळतात, पण सीझन संपला की मीटर बंद. आयपीएलच्या लिलावात दोनदा नाव पुकारलं गेलं, दोनदा ‘अनसोल्ड’. इंडिया कॅप आता मिळत नाही, हे त्यालाही कळलंय. ऑगस्टमध्ये गयानात किंवा डब्लिनमध्ये कुणी त्याला सहा आठवड्यांसाठी बोलावतंय. त्या महिन्यात रणजी नाही. त्याला तो कागद द्या ना, साहेब!